कर्नाळ्याचा चिखल

पनवेलीहून गोव्याच्या हमरस्त्याने दक्षिणेस सुमारे चार कोस गेले असता कर्नाळ्याचा डोंगर लागतो. त्याच्या माथ्यावर काळ्या पाषाणाचा सव्वाशे फुटी सुळका अंगठ्यासारखा उभा आहे. पुरंदरच्या १६६५ च्या तहात मोगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांची यादी मुलांकडून घोकून घेताना या गडाचे नाव मी हजार वेळा तरी उच्चारले असेल; परंतु छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत त्याची एकही पायरी मी चढलो नव्हतो, हे लिहिताना संकोच वाटतो.

तो योग यंदा श्रावणात आला, आणि तोही नातीच्या हट्टाने. चिखलातून सरपटत जाणे, भिंती ओलांडणे, दोरावर लोंबकळणे अशा अडथळ्यांच्या शर्यतींचे वेड हल्ली शहरांतून पसरले आहे. इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनजवळ १९८७ साली अशी एक शर्यत सुरू झाली. अमेरिकेत २०१० साली निघालेल्या 'टफ मडर' नामक प्रकारात तर घड्याळ लावीत नाहीत, सोबत्यास हात देणे हाच तिथला धर्म. नातीला हे सारे मुखोद्गत. पैसे भरून कृत्रिम चिखलात लोळण्याची कल्पना मला काही रुचेना. मी म्हणालो, "चिखल आपल्याकडे फुकट आहे." बोलून गेलो आणि अडकलो! रविवारी सकाळी आम्ही पाचही जण पेणच्या एस. टी. त होतो. एकाला मागे टाकून कोणी पुढे जावयाचे नाही, हा नियम नातीने गाडीतच वदवून घेतला.

वाटेत शिरढोण आले. वासुदेव बळवंत फडके येथे १८४५ साली जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. एडनच्या तुरुंगाचे दार बिजागऱ्यांसह उखडून वासुदेव बळवंत १८८३ साली निसटले व पुन्हा पकडले गेले, हे सांगताच नात क्षणभर गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "त्यांना हात द्यायला कोणी नव्हते ना, आजोबा?"

१९६८ पासून या डोंगराचे रान पक्ष्यांसाठी राखून ठेवले आहे. आत पाऊल टाकताच कुठूनशी शीळ ऐकू आली. लांबट, बेसूर नव्हे, पण जणू एखादा रिकामटेकडा पोरगा वाट चुकून गात असावा अशी. हा शीळकरी कस्तूर. इंग्रजांनी त्यास 'शीळ घालणारा शाळकरी' असे नाव दिले. मी वर्गातून किती शीळकऱ्यांस बाहेर काढले, त्याची गणना नाही.

वाट म्हणजे ओहळच होता. तांबूस चिखल, त्यात मुळांचे फासे, मध्येच शेवाळलेला कातळ. सूनबाई दोनदा बसली आणि दोन्ही वेळा हसली. तिसऱ्या वळणावर मीच असा घसरलो की पांढरा लेंगा कमरेपर्यंत रंगला. चिरंजीवाने हात पुढे केला. "अण्णा, धरा." मी तो धरला, आणि एकाएकी मला पंचवीस वर्षांपूर्वीचा श्रावण आठवला. तो नववीत होता. वर्गातील मुले कर्नाळ्यास निघाली होती. पाय घसरेल म्हणून मी त्यास जाऊ दिले नाही. तो दिवसभर ओट्यावर पाऊस पाहत बसला. सोमवारी चिखलाच्या बुटांनी आलेल्या त्याच्या मित्रांस मी वर्गाबाहेर उभे केले, तेही त्याच्यादेखत.

कर्नाई देवीच्या देवळापर्यंत सौभाग्यवती न घसरता पोहोचली, ही त्या दिवसाची सर्वांत आश्चर्यकारक गोष्ट होय. तेथून पुढे पायऱ्यांवरून पाणी धावत होते. १६७० साली आडोशाचे बांध रचीत, पुढे पुढे सरकत मराठ्यांनी हा गड परत घेतला; माझ्या उजव्या गुडघ्यास ती युक्ती साधेना. "तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो. नातीने नियमाची आठवण दिली आणि सगळेच देवळाशी बसले.

तेव्हा मी चिरंजीवास म्हणालो, "त्या रविवारी तुला जाऊ द्यावयास हवे होते. माझ्यामुळे तुझा कर्नाळा राहिला, आणि आज पुन्हा माझ्यामुळेच राहतो आहे."

त्याने आईकडे पाहिले. मग म्हणाला, "अण्णा, मी तीनदा वर जाऊन आलो आहे. कॉलेजात असताना. सुळक्याखालची पाण्याची टाकी, मधमाश्यांची पोळी, सगळे पाहिले आहे."

"आणि कपडे? मला कधी डाग दिसला नाही!"

कोणी उत्तर दिले नाही. सौभाग्यवती दाण्याच्या लाडवांचा डबा उघडण्यात विलक्षण गुंग झाली होती.

अर्ध्या तासाने गुडघा निवळला. एका बाजूस मुलगा, दुसऱ्या बाजूस नात, असा मी दरवाजापर्यंत चढलो. धुके फाटले तेव्हा सुळका हाताच्या अंतरावर उभा होता. उतरताना मात्र बहुतेक वाट मी बसूनच उतरलो.

घरी येताच मी लेंगा टाकून देण्यास निघालो. सौभाग्यवतीने तो हातातून घेतला, चिखल पुरता वाळू दिला, झटकला, लिंबू चोळून उन्हात ठेवला आणि मगच पाण्यात घातला. डाग साफ गेला.