बांधामागची होडी

होडी हा पाणीवाल्यांचा शौक आहे, असे आमच्याकडे मानतात. आमच्याकडे म्हणजे ईटला. बालाघाटाच्या या माळावर पाण्याचे माप घागर. फार तर टँकर. पावसाळ्यात ओढा चार दिवस गर्जतो, मग बाकीचे वर्ष त्याच्या पात्रातून आम्ही चपला न काढता पलीकडे जातो. ‘न’ नळाचा शिकवावा तर नळ कोरडा. म्हणून मी पोरांना ‘न’ नावेचा शिकवतो. नाव कोरडी असली तरी चालते!

असा मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, एका मार्चमध्ये कादंबरीच्या कामासाठी पुण्यास गेलो. एका स्नेह्याने संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘रेगाटा’ पाहायला नेले. बाणाच्या आकारात होड्या चालल्या होत्या, अंधार पडल्यावर मशाली नाचल्या. काठावर पोरांची ही गर्दी! माझे लक्ष मात्र पाण्याकडे. मार्च महिन्यात इतके पाणी, आणि तेही शर्यतीला?

स्नेही म्हणाले, “मास्तर, हा क्लब १९२८ चा. आणि खाली बंडगार्डनजवळ याहून जुना आहे, १८६८ चा.” तो जुना म्हणजे रॉयल कॅनॉट बोट क्लब. पण खरा इतिहास मला त्याच्याही आधीचा वाटला. १८५० च्या सुमारास सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या मदतीने मुळा-मुठेवर बांध पडला. उद्देश होता लोकांना पिण्याचे पाणी मिळावे हा. पाणी अडले, फुगवटा मागे सरकला, आणि उन्हाळ्यातही होडी तरेल एवढी नदी तयार झाली. म्हणजे आधी तहान, मग बांध, आणि मग कुठे होडी. आज तीच नदी जलपर्णीने आणि शहराच्या सांडपाण्याने कोंडली आहे, हेही त्या इतिहासाचेच एक पान.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आले. लातूर १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. तेव्हा ती गाडी आम्हाला परकी नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये एक मराठी मुलगा एकटा वल्हवत होता. दत्तू भोकनळ, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. तेही दुष्काळी गाव. बापाबरोबर विहिरी खणणारा हा मुलगा २०१२ साली सैन्यात गेला आणि तिथे त्याने प्रथम वल्हे हाती घेतले. रिओत तो तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याला सुवर्णपदक मिळाले. खडकात पाण्यासाठी घाव घालणारे ते दंड. वल्हे त्यांना जड का जावे?

वल्हवणाऱ्याचे तोंड मागे असते. जिथे जायचे ते त्याला दिसत नाही, सुटलेला काठ तेवढा दिसत राहतो. मला हे आमच्याच माणसांचे चित्र वाटते. दिवाळी झाली की माझा अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो, तोंड गावाकडे करून. या मुलांनी नद्या पाहिलेल्या असतात. कृष्णा पाहिलेली असते, पंचगंगा पाहिलेली असते. पण उसाच्या मोळ्यांवर बसून. पाण्यात हात घालायला त्यांना सवड नसते.

तेव्हा ईटला बोट क्लब हवा, असे मी म्हणत नाही, लोक हसतील. आमच्या ओढ्याला एक बांध हवा, आणि त्यामागचे पाणी निदान मार्चपर्यंत टिकावे. मग ऊसतोडीला न गेलेली चार पोरे त्यात पोहायला शिकतील. होडीचे ती पुढे पाहून घेतील.