जाम घाट आणि हँडलावरचा वाटाड्या

माळव्यातून निमाडात उतरण्याच्या वाटा पुष्कळ. परंतु इंदूर-महू-जाम दरवाजा-मंडलेश्वर-महेश्वर ह्या सुमारे ९० किलोमीटरांच्या वाटेची गोडी सायकलस्वारास अन्यत्र लाभत नाही. महूपर्यंत रहदारीचा जाच सोसावा लागतो. पुढे शेते, झाडी, लहानमोठे चढउतार. आणि मग विंध्याच्या अगदी कडेवर अहिल्याबाईंच्या काळातील तो दगडी दरवाजा. पलीकडे डोळ्यांखाली सारे निमाड पसरलेले. पावसाळ्यात ढग पायांखालून जातात.

ह्या वाटेसाठी हँडलावर कोणते जीपीएस यंत्र बसवावे, ह्याचा आमच्या मंडळीत बरेच दिवस खल चालला होता. तरुणांचा ओढा मोठ्या रंगीत नकाशाकडे. आम्ही घाटाकडे बोट दाखवले. येथे रस्ता चुकण्याचे भय थोडे. खरी चिंता परतीची. चढ किती उरला, अंधारापूर्वी दरवाजा गाठता येईल काय, हे कळले पाहिजे. उपग्रह सारे क्षितिजाच्या वरच असल्यामुळे त्यांच्यावरून काढलेली उंची आडव्या ठिकाणाइतकी नेमकी येत नाही. हवेचा दाब मोजणारे यंत्र चढउतार अधिक विश्वासाने सांगते. हवामान पालटले की तेही थोडे बहकते. म्हणून निघताना माहीत असलेली उंची त्यात भरावी.

मग मोबाइल काय वाईट? उपग्रहांचे संकेत मिळण्यास मोबाइलचे जाळे लागत नाही; नकाशा तेवढा घरीच उतरवून घ्यावा. परंतु निमाडच्या उन्हात पडदा दिसावा म्हणून उजेड वाढवला की बॅटरी भराभर उतरते, आणि अडचणीच्या वेळी घरी फोन करावयास तीच लागते! सायकलसाठी केलेल्या बऱ्याच यंत्रांचा पडदा उन्हात उलट अधिक स्पष्ट दिसतो. घामेजलेल्या बोटांना स्पर्शाचा पडदा नेहमी दाद देतोच असे नाही, बटणेच बरी.

अखेर दाबमापक असलेले, बटणांचे, वाटेची नुसती रेघ दाखवणारे लहानसे यंत्र आम्ही घेतले. पहिल्याच परतीत, दुपारी चारच्या सुमारास मंडलेश्वरी पोहोचलो, तेव्हा चढ बहुतेक सारा पुढेच असल्याचे त्याने दाखवले. दोघांचा हट्ट पुढे जाण्याचा होता. आकडे पाहून तेही निमूटपणे सायकलींवरून उतरले. ती संध्याकाळ आम्ही नर्मदेच्या घाटावर घालवली आणि पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, दरवाजाची वाट धरली.