बोलणं थांबलं की पंखा

आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र म्हणजे दोन खोल्या, 50 वॉटचा ट्रान्समीटर आणि गच्चीवरचा मनोरा. मी तिथे संध्याकाळचा कार्यक्रम करते. ऑपरेटर रजेवर गेला की यंत्रंही माझ्याच गळ्यात.

प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा-बारा पट्ट्या एकदम नाचतात. माझी नजर फक्त शेवटच्या, आउटपुटच्या मीटरवर. ते शंभर टक्क्यांजवळ खिळल्यासारखं उभं. वाटलं, आवाज फुटतोय. मिक्सरचा फेडर चांगला 10 डेसिबल खाली ओढला. आउटपुट क्षणभर वाकलं आणि पुन्हा जागेवर! मी ओढायचं, त्याने उठायचं, असं दोन-तीनदा झालं. शेवटी फेडर होता तिथे ठेवून गप्प बसले.

मग देशी वाण जपणाऱ्या एका आजींची मुलाखत झाली. आवाज बारीक, बोलता बोलता लांब थांबायची सवय. त्यांचा आवाज सॉफ्टवेअर उचलेना, म्हणून मी 'गेट' नावाचा आकडा बराच खाली आणला. आजी खणखणीत ऐकू येऊ लागल्या. स्वतःवर भलतीच खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका श्रोत्याचा फोन, "ताई, आजी थांबल्या की तुमचा पंखा का ओरडतो?"

आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर काका अधूनमधून आमच्याकडे येतात. त्यांना बोलावलं. त्यांनी तेच रेकॉर्डिंग पुन्हा सॉफ्टवेअरमधून सोडलं आणि आउटपुटच्या मीटरवर चक्क वहीचा कागद चिकटवला.

"हे नका बघू. ते बरोबरच असणार. त्यासाठीच तर आधीचा सगळा खटाटोप."

एफएममध्ये आवाजाच्या जोराप्रमाणे लहरीची वारंवारता दोन्ही बाजूंना सरकते, आणि ती 75 किलोहर्ट्झच्या पलीकडे जाऊ द्यायची नसते. आउटपुटचं शंभर टक्के म्हणजे ती हद्द. आत आजी असोत की पंखा, मीटरला त्याचं सोयरसुतक नाही.

मग त्यांनी एजीसीच्या, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करणाऱ्या भागाच्या पट्टीवर बोट ठेवलं. आजी बोलत होत्या तोवर ती जेमतेम हलत होती. "आमच्या आजोळी…" म्हणून त्या थांबल्या. इनपुट पडलं आणि एजीसी हळूहळू वर चढू लागलं. सहा, आठ, अकरा डेसिबल. हेडफोनमध्ये पंख्याची घरघर फुगत गेली. गेटचं काम इतकंच, की आवाज ठरावीक पातळीखाली गेला की ही चढाई थांबवायची. मी ती पातळी पंख्याच्याही खाली नेली होती. सॉफ्टवेअरच्या लेखी पंखाही पाहुणाच.

काकांनी गेट वर घेतलं आणि माईक तोंडापासून वीतभर अंतरावर आणायला सांगितलं. मी उगाचच भिऊन फेडर ओढला होता, तेही कबूल केलं. ते हसले. त्यांची उमेदीची वर्षं काट्याच्या व्हीयू मीटरवर गेली. त्यात शून्याच्या वरही जागा असते आणि काटा इतका सावकाश, की टाळी वाजून जाते तरी तो अर्ध्यावरच. डिजिटल इनपुटला मात्र शून्य म्हणजे छत. तिथे आदळलं की आवाज कापलाच जातो, पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर तो परत जोडत नाही. म्हणून बोलण्याची शिखरं सहा-आठ डेसिबल खाली ठेवायची. माझी भीती खरी होती, फक्त चुकीच्या मीटरपाशी.

एप्रिलात आजी पुन्हा आल्या. या वेळी पंखा बंदच ठेवला. माईक वीतभर अंतरावर, एजीसी गुणी मुलासारखं शांत. पाच मिनिटांत आजी घामाघूम झाल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. बांगड्या किणकिणल्या. आउटपुट हललंही नाही, पण आवाज हद्दीबाहेर जाऊ न देणाऱ्या लिमिटरची सर्वात वरच्या सुरांची पट्टी झर्रकन खाली गेली. एफएमला पाठवताना तारस्वर मुद्दाम वाढवावे लागतात, 15 किलोहर्ट्झला जवळजवळ 14 डेसिबल. म्हणून हद्दीला आधी तेच धडकतात.

"आजी, बांगड्या जरा मागे सारता का?"

"पंखा लाव की मग," आजी म्हणाल्या.