सांगवीच्या मैदानावर

औंधकडून मुळेवरचा पूल ओलांडला की सांगवी लागते. एका अंगाला मुळा, दुसऱ्या अंगाला पवना आणि मधल्या बेचक्यात हे गाव. गाव म्हणायचे ते आपले सवयीने. पिंपरी-चिंचवड महापालिकेतली ही आता भरगच्च वस्ती आहे. मोकळा श्वास घ्यायचा तर नव्या सांगवीतले पी. डब्ल्यू. डी. मैदान गाठावे.

परवा एका रविवारी बहिणीकडे गेलो होतो. चहाला अवकाश होता म्हणून मैदानाकडे वळलो. एकाच वेळी सहा-सात सामने चालू होते. एका सामन्यातला गलीचा गडी दुसऱ्यातल्या पंचाला पाठ टेकून उभा! आपला चेंडू कोणता हे ही मुले कसे ओळखतात, देव जाणे.

बॅटीची वाट पाहत बसलेल्या एका चिरंजीवांना विचारले, "काय रे, मोठेपणी कोण होणार?"

"ऋतुराज!"

सांगवीच्या पोराने दुसरे उत्तर दिले असते तरच नवल. ऋतुराज गायकवाड इथेच लहानाचा मोठा झाला. २०२२ साली विजय हजारे करंडकात त्याने एका षटकात सात षटकार ठोकले. (सातवा कसा, हे आमच्या सौभाग्यवतींना समजावताना नो-बॉलपासून सुरुवात करावी लागली होती.)

"आमच्या वेळी महाराष्ट्राचे हेमंत कानिटकर होते," मी म्हणालो.

"किती टेस्ट खेळले?"

"दोन."

"दोनच?"

ते 'दोनच' मला झोंबले. त्याच्या शेजारी बैठक मारली आणि सांगू लागलो.

२२ नोव्हेंबर १९७४. बंगलोरच्या नव्या मैदानावरची पहिलीच कसोटी, समोर वेस्ट इंडीज. त्या सामन्यात तिघांनी कसोटीत पाऊल टाकले : गॉर्डन ग्रीनिज, व्हिव्ह रिचर्ड्स आणि आमचे कानिटकर. ग्रीनिजने ९३ आणि १०७ काढल्या. रिचर्ड्सने काढल्या ४ आणि ३! आणि अँडी रॉबर्ट्सचा तोफखाना धडधडत असताना कानिटकरांनी पहिल्या डावात ६५ केल्या, दुसऱ्यात १८. भारत हरला, पण त्या दिवशी रिचर्ड्स आणि कानिटकर यांतला कोण पुढे जाईल, असे कुणी विचारले असते तर आमच्या आळीने छातीठोक उत्तर दिले असते.

पुढची कसोटी दिल्लीला. रिचर्ड्सने तिथे नाबाद १९२ झोडल्या. कानिटकरांच्या ८ आणि २०. झाले! पुन्हा बोलावणे आले नाही. रिचर्ड्स १२१ कसोट्या खेळला, ग्रीनिज १०८. रिचर्ड्स तेव्हा बावीस वर्षांचा होता, तर कानिटकरांना दोन कसोट्यांच्या मधल्या ८ डिसेंबरला बत्तिसावे संपले होते. निवड समितीला वय दिसले असेल. मला मात्र अजून ते ६५ दिसतात. रणजी सामन्यात राजस्थानविरुद्ध अडीचशे धावा केलेला हा माणूस २०१५ साली पुण्यातच गेला.

"आणि गंमत ऐक," मी म्हणालो. "ते बंगलोरला खेळले तेव्हा त्यांचा हृषीकेश अवघा आठ दिवसांचा होता. १९९८ साली ढाक्याला पाकिस्तानविरुद्ध शेवटचा चौकार मारून सामना जिंकून दिला, तोच हा! पुढे मेलबर्न आणि सिडनीला कसोट्या खेळला. किती, सांग?"

"दोन?"

"दोनच."

पोरगा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "पण रिचर्ड्सला चार आणि तीनवर काढलं नाही ना? मग यांना का काढलं?"

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात त्याची बॅटी आली आणि मी सुटलो. जाताना त्याने मला पंच म्हणून उभे केले. दुसऱ्याच चेंडूवर यष्ट्या म्हणून ठेवलेली विटांची चळत कोसळली.

"ट्राय बॉल होता, काका!" तो ओरडला.

समोरचा संघ खवळला. मी हात वर करून शांतपणे सांगितले, "ट्राय बॉल. खेळ, बाळ."