दुधी, डोंबिवली लोकल आणि दिवाळी अंक

‘वेळ काढला की निघतो’ असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्या घरी चहा दुसरं कोणीतरी करत होतं. तक्रार नाही, निरीक्षण आहे. या सल्ल्यात वेळ सगळा एकाच जातीचा असतो असं धरून चाललेलं असतं. सकाळची दहा मिनिटं, दुपारची दहा, रात्रीची दहा. झाला अर्धा तास, बसा आता लिहायला. बँकेतली नोकरी, दोन मुलं, नवरा आणि सासूबाई अशा घरात राहून बाग, वाचन आणि लिखाण या तिन्हींचा नाद मी बरीच वर्षं सांभाळते आहे, आणि मला तरी वेळ असा बेरजेने वागताना दिसलेला नाही. बागेला थोडा वेळ पुरतो, पण तो तिच्या घड्याळाप्रमाणे द्यावा लागतो. लिखाणाला दिवसाची कुठलीही वेळ चालते, पण ती सलग लागते. वाचन बिचारं कुठेही बसतं, लोकलमधल्या चौथ्या सीटवरसुद्धा.

बाग म्हणते खरी, पण आहे ती पश्चिमेच्या दोन खिडक्यांची ग्रिल. डोंबिवलीत जमीन असलेली बाग आता बहुतेक जुन्या बंगल्यांपुरती उरली आहे, आणि ते बंगलेही एकेक करून पुनर्विकासाला जातात. ग्रिलमधल्या बागेत पहिला प्रश्न वजनाचा. कुंडीत निव्वळ माती भरली, तिला पाणी घातलं आणि अशा दहा-बारा कुंड्या ओळीने मांडल्या की वेल्डिंगकडे बघवत नाही. म्हणून माती कमी आणि बाकी सगळं जास्त: वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, कोकोपीट, शेणखत, घरच्या ओल्या कचऱ्याचं खत. श्री. अ. दाभोलकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ वाचलं तेव्हा पालापाचोळ्याकडे बघायची माझी नजरच बदलली. रस्त्याकडेला झाडून ठेवलेला पाल्याचा ढीग दिसला की माझा हात अजूनही पर्समधल्या कापडी पिशवीकडे जातो, आणि मुलं तेवढ्यापुरती दहा पावलं पुढे निघून जातात.

दुसरा प्रश्न खालच्या मजल्याचा. कुंडीतून झिरपलेलं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडलं की निसर्गप्रेमाबद्दल कोणी काही ऐकून घेत नाही. प्रत्येक कुंडीखाली ताटली हवी, आणि पावसाळ्यात त्याच ताटल्या उपड्या करून ठेवायला हव्यात, नाहीतर डास. पाणी घालायच्या आधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघायचं. आत ओल लागली तर त्या दिवशी त्या कुंडीला सुट्टी. घरातली झाडं तहानेने जितकी मरतात त्याहून जास्त लाडाने मरतात, असं माझं मत आहे.

ही कामं दूध तापेपर्यंत होतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने तो पुसून काढायला एका कुकरच्या शिट्या पुरतात. कडुनिंबाचं तेल फवारायचं तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर तेल आणि चार थेंब साबण, तेही ऊन उतरल्यावर, नाहीतर पानं करपतात. या सगळ्यात मन लागत नाही, हात लागतात. मागून कोणी ‘आई, माझा मोजा’ म्हणून ओरडलं तरी फवारणीचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते दुधीपाशी. जूनमध्ये बी लावलं की साधारण दीड महिन्यात, म्हणजे ऐन श्रावणात, वेल फुलायला लागतो. आधी येतात ती सगळी नरफुलं, लांब देठाची. नवीन माणूस तेवढ्यावरच हुरळून जातो आणि मग दुधी धरत नाही म्हणून खट्टू होतो. मुख्य वेलीचा शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात आणि मादीफुलं बहुतेक त्या फुटव्यांवर धरतात. मादीफूल ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या खाली बोटाएवढा लवदार दुधी आधीच तयार असतो. पण परागीकरण झालं नाही तर तो चार दिवसांत पिवळा पडून गळतो. आणि दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी. मोकळ्या मळ्यात पतंग येऊन ते काम करतात. सोसायटीच्या दिव्यांच्या झगझगाटात, पाचव्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये पतंग कुठून यायचे? तेव्हा नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि त्यातला पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवायचा. दोन मिनिटांचं काम आहे. पण ती दोन मिनिटं दिवेलागणीचीच असावी लागतात, आणि त्या वेळी मी ठाणे आणि मुंब्र्याच्या मध्ये कुठेतरी कोणाच्या तरी कोपराखाली उभी असते.

हे काम सासूबाईंनी आपण होऊन घेतलं. मी फुलं ओळखायला शिकवायला गेले तर म्हणाल्या, “अगं, आमच्या परसात मांडव होता दुधीचा, मला काय दाखवतेस?” आता देवापाशी दिवा लावला की त्या ग्रिलपाशी जातात आणि मी घरात पाऊल टाकलं की अहवाल देतात, “दोन लग्नं लावली आज. एक वधू अजून लहान आहे, उद्या बघू.” जे खाता येत नाही ते लावायचं कशाला, हे त्यांचं बागेविषयीचं एकमेव तत्त्व. माझ्या गुलाबाकडे त्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात. पण दुधी त्यांचा आहे, आणि पहिल्या दुधीचं काय करायचं हे ठरवायचा हक्कही त्यांचाच. शेजारी वाटायची भाजी दुधीभोपळ्याची असेल तर शेजारी दार उघडताना फारसे उत्साही नसतात, तरीही त्या वाटतात.

बागेतही एक काम मात्र असं आहे की ते तुकड्यांत होत नाही. माती बदलणं. कढीलिंबाची मुळं कुंडीला वेटोळे घालून बसली की पाणी वरून घातलं तसं खालून निघून जातं आणि पानं बारीक यायला लागतात. मग कुंडी आडवी करून झाड बाहेर काढायचं, कडेची मुळं छाटायची, नवीन मिश्रण भरून पुन्हा लावायचं. हे अर्ध्यावर टाकून उठता येत नाही. उघडी पडलेली मुळं तासाभरात सुकतात, आणि हॉलभर पसरलेल्या वर्तमानपत्रांवरून घरातल्यांची ये-जा सुरूच असते. यासाठी मला एक आख्खा रविवार लागतो आणि तो आठवडाभर आधी जाहीर करावा लागतो. त्या दिवशी जेवायला खिचडी, आणि मातीची पोती वर आणणं नवऱ्याकडे. एरवी त्याचा बागेशी संबंध कुंड्यांना न धडकता खिडकी बंद करण्यापुरता आहे.

मोगऱ्याचं याच्या उलट. जानेवारीच्या शेवटी त्याचं पाणी तोडायचं, मग छाटणी करायची, खत घालायचं आणि पाणी पुन्हा सुरू करायचं. मार्चपासून कळ्या. डाळिंब-संत्र्याचे बागायतदार बहर धरण्यासाठी झाडाला ताण देतात, त्याचंच हे घरगुती रूप. दुर्लक्ष करणं हाच इथे कामाचा भाग असल्यामुळे नोकरदार बाईला याहून सोयीचं झाड नाही. लिखाणालाही असाच ताण द्यावा, मग बहर येईल, असं एका मैत्रिणीने सुचवून पाहिलं. मी लिहायचं थांबवते तेव्हा बहरबिहर काही येत नाही. काय लिहायचं होतं ते विसरायला होतं, एवढंच.

वाचनाचं जमलं ते डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकलमुळे. सकाळी जागा मिळण्याची शक्यता असते आणि सीएसएमटीपर्यंत तास-सव्वा तास. लेडीज डब्यात भाजी निवडणं, पोथी वाचणं, भांडणं आणि झोपणं एकाच वेळी चालतं, पण पुस्तक उघडून बसलेल्या बाईला सहसा कोणी हटकत नाही. मोबाइल बघणाऱ्या बाईच्या मोबाइलमध्ये मात्र शेजारीण डोकावते. कुठलं पुस्तक गाडीत चालतं आणि कुठलं नाही, हे अनुभवाने ठरत गेलं. जी. ए. कुलकर्णी गाडीत नाहीत. त्यांची गोष्ट अर्ध्यावर असताना घाटकोपरला लोंढा आत आला की गोष्टही जाते आणि दिवसही. श्री. ना. पेंडसे यांचं ‘तुंबाडचे खोत’ वाचायला घेतलं तेव्हा प्रश्न वजनाचा होता. दोन जाडजूड खंड. पर्समध्ये एक तर डबा बसणार किंवा खोत. शेवटी खोत घरी राहिले आणि दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत वाचून झाले.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मात्र गाडीचं पुस्तक. 1934 पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली, आणि तिची वीणच प्रसंगांची आहे. एक प्रसंग संपेपर्यंत कुर्ला येतं. आपण मोठ्याने हसलो हे समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरून कळतं आणि मग तो प्रसंग तिला सांगावा लागतो. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मी वेगळ्या तऱ्हेने वाचते. त्यात एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख आहे, म्हणून ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा असं ठरवून टाकलं. सगळं पुस्तक वाचायला वर्ष लागतं, आणि वर्ष संपलं की पुन्हा चैत्र. बाईंनी जे झाडाझुडपांत पाहिलं त्यातलं किती माझ्या गाडीच्या खिडकीतून दिसतं, हेही त्यानिमित्ताने तपासता येतं. रुळांच्या कडेची नाल्याच्या पाण्यावरची पालेभाजी त्यांच्या यादीत नाही, हे बरंच आहे.

लिखाणाची गोष्ट निघाली की कोणीतरी हमखास बहिणाबाई चौधरींचं नाव घेतं. त्यांनी नाही का घरचं, शेतातलं सगळं करून काव्य केलं? केलं, आणि असं केलं की पुढे त्यावर बोलायला आपण कोण. पण हे उदाहरण कामाच्या रगाड्यातही लिहिता येतं एवढंच सिद्ध करायला वापरलं जातं, ते मला मान्य नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने उतरवून घेतली, आणि 1951 मध्ये त्या गेल्यानंतर, 1952 साली ती पुस्तकरूपाने आली. ओवीचं घरकामाशी जुनं जमतं. जातं फिरतं त्या ठेक्यावर ती बसते, हात गुंतलेले असताना डोकं मोकळं असतं आणि लयीमुळे शब्द ध्यानात राहतात. गद्याची अशी सोय नाही. भाकरी थापताना मला सुचलेला परिच्छेद भाकरी टम्म फुगेपर्यंत अर्धा गेलेला असतो, आणि तो उतरवून घ्यायला घरात सोपानदेव नाहीत. माझा मुलगा फोनवर बोलून टाइप करायचं तंत्र शिकवतो. ते मी वापरते. भाजीवाल्याशी केलेल्या घासाघिशीसकट सगळं त्यात उतरतं.

टिपणं तुकड्यांत होतात, लेख होत नाही, या निष्कर्षाला मी आले आहे. फोनमध्ये स्वतःलाच पाठवलेल्या संदेशांत माझ्या डझनभर लेखांची हाडं पडलेली आहेत. त्यांना धड उभं करायला सलग दीड-दोन तास लागतात. त्यातला पहिला अर्धा तास तर आपण कुठे होतो हे शोधण्यातच जातो. तो अर्धा तास थोडा कमी करता येतो. उठताना पुढच्या परिच्छेदात काय म्हणायचं ते एका ओळीत खाली लिहून ठेवायचं, कितीही घाई असली तरी. कोणी दारावर बेल वाजवत असलं तरी ती ओळ आधी. पाहुणे तेवढं थांबतात. दहा-दहा मिनिटांचे नऊ तुकडे जोडून दीड तास होत नाही, हे घरातल्यांना समजावताना मला माती बदलण्याचा रविवार कामी आला. उघड्या मुळांचं झाड त्यांनी पाहिलेलं होतं. “आज माझी माती बदलायची आहे,” असं मी सांगते तेव्हा दोन तास मला कोणी हाक मारत नाही. निदान पहिला तास तरी नाही.

या सगळ्यावर पाणी फिरवायला दिवाळी अंक समर्थ आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा मजकूर कधी मागवला होता कोण जाणे, पण आज संपादकांचा निरोप जूनमध्ये येतो आणि मुदत ऑगस्टअखेरची असते. म्हणजे बरोबर दुधी फुलतो, गोगलगायी पुदिन्यावर चढतात, मंगळागौरी, सत्यनारायण, गणपतीची साफसफाई आणि बँकेतल्या निम्म्या सहकाऱ्यांच्या रजा, हे सगळं जेव्हा एकावर एक येतं तेव्हाच. गेल्या वर्षी मी एक चाल केली. निरोपाची वाट न पाहता लेख मे महिन्यातच लिहून काढला. मेमध्ये मुलांना सुट्टी असते, पण ती दुपारी शेजारच्या इमारतीत क्रिकेट खेळायला जातात आणि सासूबाई आंब्याच्या साठांपाशी राखणीला बसतात. मग जूनमध्ये निरोप आला तो ‘यंदा विषय पावसाळा’ असा. मेच्या उकाड्यात लिहिलेल्या लेखात पावसाचा थेंब नव्हता. तो लेख दुसऱ्या अंकाने घेतला, आणि पावसाळ्याचा मी श्रावणातच, रात्री अकरानंतर लिहिला.

सध्या मात्र अनपेक्षित चैन आहे. मुलगी दहावीला आहे. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी तिचा क्लास असतो, अडीच-अडीच तासांचा. तो घरापासून इतका लांब आहे की तिला सोडून परत येऊन पुन्हा जाण्यात अर्थ नाही. क्लासच्या इमारतीखाली गुलमोहराजवळ सिमेंटचा एक बाक आहे. इतर पालक शेजारच्या उडप्याकडे बसतात, मी वही घेऊन बाकावर. रिक्षांचा आवाज आहे, वर कावळ्यांचा धोका आहे, पण मला ओळखणारं तिथे कोणी नाही आणि गॅसवर काही ठेवलेलं नाही. मुलगी म्हणते, “आई, मला रिक्षाने एकटीने येता येतं, तू कशाला येतेस?” मी म्हणते, “तुझ्या काळजीपोटी.” मार्चमध्ये तिची परीक्षा आहे, त्यानंतर मला दुसरा बाक बघावा लागेल. धाकट्याला तबल्याला घालावं का, असा विचार चालू आहे.