जिनिंगच्या जागेवरचं घर

जालन्यात घर घ्यायचं म्हटलं की माणसं पहिला प्रश्न एकच विचारतात: पाणी कुठलं? खोल्या किती, दार कोणत्या दिशेला, हप्ता किती बसतो, हे सगळं मागाहून. घाणेवाडीचं की जायकवाडीचं, नळ किती दिवसांनी येतो, बोअर किती फुटांवर लागलं आणि उन्हाळ्यात टिकतं का, हे आधी. 2012-13 चा दुष्काळ ज्यांनी टँकरच्या रांगेत काढला, त्यांच्या लेखी वास्तुशास्त्राचा नंबर पाण्यानंतर लागतो. मला ते अगदी पटतं.

आम्ही पसंत केलेलं रो-हाऊस एका जुन्या जिनिंगच्या आवारात आहे. माहितीपत्रकात वसाहतीला एका फुलाचं नाव दिलंय, पण रिक्षावाल्याला ते सांगून उपयोग नाही. ‘जिनिंगमध्ये’ म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. कारखाना बंद पडला, पत्रे भंगारात गेले, पत्ता मात्र अजून त्याच्याच नावावर चालतो.

मागची दगडी भिंत बिल्डरने तशीच ठेवली आहे. जुन्याच्या प्रेमापोटी नव्हे, नवी बांधायचा खर्च वाचतो म्हणून. काळा दगड, चुन्याचे सांधे, वरच्या अंगाला एका ओळीत चौकोनी खाचा. शेडच्या कैच्या तिथे टेकलेल्या असणार. भिंत जिथे संपते तिथून पुढे कुंपण म्हणून गंजलेल्या लोखंडी पट्ट्या आडव्या ठोकल्या आहेत. रुईच्या गाठी याच पट्ट्यांनी आवळायचे. एकेका पट्टीच्या टोकाला आकड्याचं भोक अजून दिसतं.

पलीकडच्या गल्लीतल्या एक मावशी लहानपणी आईबरोबर या आवारात यायच्या. त्यांनी उभ्या उभ्या मला सगळा कारखाना दाखवला. “इथं गाड्या खाली व्हायच्या. इथं ढीग, पार पत्र्याला टेकलेला. अन् तिकडं रेचे.” रेच्यात चामड्याचा रूळ फिरतो, त्याला धरून कापसाचे तंतू पुढे सरकतात, सुरीशी सरकी अडते आणि खाली गळते. रेच्यांना कापूस चारत राहायचं, हे बायकांचं काम. दिवाळीच्या सुमाराला सुरू झालेला हंगाम होळीपर्यंत उतरायचा. तोवर नाकात, केसांत, लुगड्याच्या घड्यांत सगळीकडे तूस. “घरी गेल्यावर माय आधी डोकं झटकायची, मग चूल पेटवायची,” मावशी म्हणाल्या.

कापडाची मोठी गिरणी जालन्याच्या वाट्याला आली नाही. ती औरंगाबादला निघाली, नांदेडला उस्मानशाही मिल झाली. 1900 च्या सुमाराला मनमाडहून हैदराबादकडे निजामाच्या मुलखातून मीटरगेज रेल्वे धावू लागली आणि जालन्याला दुसरंच काम मिळालं: कापूस गोळा करायचा, सरकी काढायची, रुई दाबून गाठी बांधायच्या आणि रवाना करायच्या. ‘जालना, सोने का पालना’ असं म्हातारी माणसं अजून म्हणतात. पण सोनं इथून पुढे जायचं आणि पाळणा तेवढा इथे राहायचा, हे कुणी त्याला जोडून म्हणत नाही.

एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण 34 किलो. बाकीची बहुतेक सरकी. रुईच्या 170 किलोच्या गाठी मुंबईच्या वाटेला लागायच्या. सरकी राहायची तेलाला आणि जनावरांच्या ढेपेला. गंमत अशी की पुढे हे गाव तगलं ते बियाण्यावर. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि देशात बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली तीही महिकोच्याच वाणांना. बीटीने शेतकऱ्याचं भलं केलं की वाटोळं, यावर आमच्या घरातच दोन तट आहेत. त्यात इथे शिरत नाही.

दरम्यान गावातल्या जिनिंगचे दिवस भरत आले. 1972 पासून एकाधिकार खरेदी होती, तेव्हा कापूस सरकारी खरेदीतून यायचा. पुढे 2000 साली कापूस तंत्रज्ञान मिशन आलं, नव्या यंत्रांच्या जिनिंग-प्रेसिंग गावाबाहेर प्रशस्त जागेवर उभ्या राहिल्या. भर गावातल्या जुन्या आवारांत यंत्रापेक्षा जमीन महाग झाली. समृद्धी महामार्ग, ड्रायपोर्ट, महापालिका, वंदे भारत, अशी एकेक बातमी आली की प्लॉटचा भाव गुंठ्यामागे वर सरकतो.

घर पाहताना मात्र जुनं कापसाचं गाव पावलोपावली आडवं येतं. जी काळी माती कापसाला मानवते, ती भिंतीला मानवत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्याबरोबर भिंतीही. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली गेलाय का, हे रंग आणि टाइल्सच्या आधी विचारायचं. कागदांचंही तसंच. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. जुनी नोंद उर्दूत नाहीतर मोडीत सापडते आणि जमीन इनामाची, मदतमाशची किंवा वक्फची निघाली तर व्यवहार अडकलाच. आमच्या वकिलांनी सरळ सांगितलं, “ताई, कागदावर भोगवटादार वर्ग दोन दिसलं तर इसारसुद्धा देऊ नका. आधी मला दाखवा.” घर माझ्या नावावर घ्यायचं ठरलंय, कारण बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. यजमानांचं स्त्रीदाक्षिण्य या एका टक्क्यावर एकदम फुलून आलं, हे नमूद करून ठेवते.

एका गोष्टीचा मला राग आहे. कापसाच्या कारखान्याला आगीची धास्ती कायमची, म्हणून या आवारात मोठी विहीर होती आणि हौद होता. मावशी सांगतात, गावाच्या विहिरी आटल्या तरी या विहिरीला पाणी असायचं. ती विहीर भराव टाकून बुजवली, वर प्लॉट पाडले आणि मग त्याच आवारात चारशे फुटांची बोअर घेतली. हा शहाणपणा कुणाचा, ते विचारून आता काही हाती लागायचं नाही. पण भरावावर बांधलेलं घर खचू शकतं, एवढं तरी खरेदीदाराला सांगायला नको का? नकाशावर विहिरीची खूण नव्हती. मावशींनी पायाने रेघ ओढून जागा दाखवली, म्हणून आम्ही कोपऱ्यावरचं स्वस्त पडणारं घर सोडून भिंतीलगतचं पसंत केलं.

जालना 2023 मध्ये महापालिका झालं. महापालिकेने ले-आउट मंजूर करताना जुनी विहीर बुजवू देऊ नये. ती ओपन स्पेसमध्ये घेऊन राखायला लावावी. तोवर, तुम्ही इथे घर पाहायला येणार असाल तर दिवाळीत येऊ नका, मे महिन्यात या. आणि बिल्डरच्या ऑफिसात जाण्याआधी गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, विहीर कुठे होती.