सोऽहं : श्वासाचीच माळ



पुणे म्हटले की आपल्याला मार्केट यार्ड, कचेऱ्या आणि मोठे दवाखाने आठवतात. माल घेऊन जावे, नाहीतर दुखणे घेऊन जावे. पण १९२३ साली याच पुण्यातून एक तरुण वेगळीच शिदोरी घेऊन निघाला. रत्नागिरीजवळच्या पावसचे हे रामचंद्र विष्णू गोडबोले. वय वर्षे एकोणीस-वीस. नाथपंथाच्या परंपरेतील बाबामहाराज वैद्य यांनी त्यांना पुण्यात सोऽहं मंत्राचा अनुग्रह दिला. पुढे लोक त्यांना स्वामी स्वरूपानंद म्हणू लागले.

सोऽहं म्हणजे ‘तो मीच आहे’. ‘तो’ म्हणजे चराचरात भरलेला परमात्मा. श्वास आत येताना ‘सो’ आणि बाहेर पडताना ‘हं’ असे मनाने ऐकायचे. ओठ हलवायचे नाहीत, श्वास कोंडायचा नाही. जुन्या जाणत्यांनी दिवसरात्रीचे २१,६०० श्वास मोजले आहेत, म्हणजे मिनिटाला १५. हा जप न जपताच चालू असतो, म्हणून त्याला अजपाजप म्हणतात. आपण फक्त तिकडे लक्ष द्यायचे.

तुम्ही म्हणाल, आम्हाला सवड कुठे? धारा काढायच्या, भाकरी थापायच्या, रात्री वीज आली की पाण्यावर जायचे. पण हा मंत्र वेगळी सवड मागत नाही. मी रात्रीची दारे धरतो, तेव्हा एक वाफा भरेपर्यंत श्वासाकडे लक्ष ठेवतो. खोरे हातात असते आणि माळ नाकाशी चाललेली असते.

घरच्या माणसाच्या ऑपरेशनसाठी पुण्याच्या एका दवाखान्यात राहावे लागले, तेव्हा याची खरी परीक्षा झाली. रात्रभर व्हरांड्यात बसून होतो. पैशाची काळजी होती, जिवाचीही होती. मंत्राने काळजी गेली नाही. पण तिच्या मागे धावणारे मन दर श्वासाला थोडे जागेवर येई. सकाळी डॉक्टरांनी सांगितलेले नीट कळले आणि काय ते ठरवता आले. तेवढे मला पुष्कळ झाले.

स्वामींचीही वाट सुखाची नव्हती. १९३२ च्या सत्याग्रहात त्यांनी येरवड्याचा तुरुंग भोगला. १९३४ साली मोठे दुखणे आले. नंतर पावसला देसाई यांच्या घरी, एका साध्या खोलीत, त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काढली. ज्ञानेश्वरी साध्या माणसाला कळावी म्हणून ‘अभंग ज्ञानेश्वरी’ लिहिली. १५ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांनी देह ठेवला. एवढी वर्षे शिदोरी तीच, पुण्यात मिळालेली.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. मंत्राने पाऊस पडत नाही, कर्ज फिटत नाही आणि औषधाची गोळीही चुकत नाही. तसे सांगून जो पैसे मागेल, त्याला दारातूनच रामराम करावा.

मग मिळते काय? ‘तो मीच’ हे खरे असेल, तर तो शेजाऱ्यातही आहे, गोठ्यातल्या बैलातही आहे आणि बांधावरून ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे त्याच्यातही आहे. पहाटे सोऽहं म्हणायचे आणि दिवस उजाडल्यावर बांध कोरायचा, हे दोन्ही एका माणसाला जमायचे नाही. जप किती झाला ते मण्यांवर मोजू नये. सुनेशी, गड्याशी, भाऊबंदाशी आपण कसे बोलतो, त्यावर मोजावे. परब्रह्माची ओळख दूरची खरी, पण तिची वाट आपल्याच उंबरठ्यावरून जाते.

आज रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दहा श्वास मोजून पाहा. मन सुटले तर सुटू द्या. दावे तोडून गेलेले वासरू आणतो तसे न मारता परत आणा. उद्या अकरा होतील.